बंद करता येईल असा व्हिडिओ

त्रिकोणासनात मान वळवून वरच्या हाताच्या अंगठ्याकडे पाहायचं असतं. मी जवळपास दोन वर्षं खाली पाहत होते, कारण खाली मोबाइल होता. पोह्यांच्या स्टीलच्या डब्याला टेकवलेला. शरीर एका अंगाला कललेलं, एक हात छताकडे, आणि मान उलटी वळवून मी बघतेय की आता व्हिडिओतल्या बाई काय करतायत. त्या म्हणायच्या, ‘मान अगदी सैल सोडा.’ पुढे माझी मान आखडली, तेव्हा मी ‘मानदुखीसाठी योगासने’ असा दुसरा व्हिडिओ शोधला आणि तोही त्याच डब्याला टेकवून पाहिला.

ही टाळेबंदीच्या काळातली गोष्ट. तेव्हा आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत सकाळी साडेसहाला असंच काहीतरी चाललेलं असायचं. तेव्हापासून मैत्रिणी, नणंदा, ऑफिसातल्या मुली विचारतात, ‘घरी करायचं तर कुठला चॅनल बघू?’ मी नाव सांगणं सोडून दिलंय. चॅनल कुठलाही असो, माझा उलटा प्रश्न एकच असतो: हा व्हिडिओ तुला किती दिवसांत बंद करता येईल? दोन महिने बघूनही तो लावल्याशिवाय पहिलं आसन सुचत नसेल, तर त्याने आपल्याला काही शिकवलेलं नाही, नुसती सोबत केली. सोबत वाईट नाही. एकटीने सतरंजीवर उभं राहायला कंटाळा येतो, कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं. फक्त त्याला अभ्यास म्हणू नये.

व्हिडिओ करणाऱ्यांना यात मी दोष देत नाही, त्यांचा धंदा तसा आहे. आपण जितका वेळ बघू तितकं त्यांचं चालणार. उद्या आपण पुन्हा यावं म्हणून उद्याचा व्हिडिओ वेगळा हवा, परवाचा आणखी वेगळा. योगाला मात्र तेच ते लागतं. तीच बारा-चौदा आसनं, त्याच क्रमाने, महिनोन्‌महिने. त्यातूनच एखाद्या सकाळी कळतं की आज डावा खांदा कालच्यापेक्षा जड आहे, किंवा रात्री उशिरा जेवल्याने पुढे वाकताना श्वास अडकतोय. रोज नवीन आसन करणाऱ्याजवळ हे मोजायला मापच नसतं. जाहिरातींचंही तसंच. यूट्यूबवर आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत मध्येच जाहिरात टाकता येते. २०२० पर्यंत ही मर्यादा दहा मिनिटांची होती. त्यामुळे शवासनात हातपाय सैल सोडून, डोळे मिटून पडलं, की गृहकर्जाचा व्याजदर कानावर येतो. मी एकदा दचकून उठून बसले होते. शवासनातून असं उठायचं नसतं हेही मला त्याच व्हिडिओने शिकवलं होतं.

‘गुरूशिवाय योग नाही’ असं म्हणून व्हिडिओवर फुली मारणारेही पुष्कळ भेटतात. ते मला पटत नाही, आणि महाराष्ट्रात राहून तरी ते कुणी म्हणू नये. योग गुहेतून आणि मठातून काढून घरात आणायचं काम गेल्या शतकात जिथे झालं, त्यातली तीन ठिकाणं मुंबई-पुण्याच्या टापूतलीच आहेत. श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्याला आपली संस्था काढली, ती आज सांताक्रूझला आहे. पहिल्यापासून त्यांच्या डोळ्यांपुढे संसारी माणूस होता. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे मूळच्या जगन्नाथ गणेश गुण्यांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. उड्डियान, म्हणजे पोट आत खेचून धरायची क्रिया, करताना पोटात काय होतं हे क्ष-किरण लावून बघायचं आणि छापून टाकायचं, असा तो प्रकार होता. गुप्त विद्या गुप्त ठेवायची असती तर हे उद्योग कुणी कशाला केले असते?

तिसरे बी. के. एस. अय्यंगार. १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते सहा महिन्यांच्या बोलीवर पुण्याला शिकवायला आले. गुरू कृष्णम्माचार्य राहिले म्हैसूरला. आसपास विचारायला कुणी नाही, मराठी धड येत नाही, आणि समोरचे विद्यार्थी वयाने आणि अंगाने मोठे. आपल्याच शरीरावर करून बघत, चुकत, दुखवून घेत ते शिकले. ज्यांच्या नावाने आज जगभर वर्ग चालतात त्यांचंही बरंचसं शिक्षण असं गुरू दूर असताना, स्वतःच्या खोलीत झालं. १९६६ साली त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ आलं, मराठीत ‘योगदीपिका’. त्यात दोनशे आसनं आणि सहाशेच्या आसपास छायाचित्रं आहेत. प्रत्येक आसनापुढे अवघडपणाचा आकडा दिलाय: ताडासनाला एक, आणि सगळ्यात अवघड आसनाला साठ. शेवटी अभ्यासक्रम आहे, तो तीनशे आठवड्यांचा. म्हणजे पावणेसहा वर्षांचा. ‘२१ दिवसांत लवचीक व्हा’ असं लिहिलेलं चित्र मोबाइलवर दिसलं की मला हा तीनशेचा आकडा आठवतो.

पुस्तकातून शिकण्यात एक गैरसोय होती, आणि तोच त्याचा फायदाही होता. पुस्तक हातात धरून त्रिकोणासन करता येत नाही. आधी वाचायचं, चित्र बघायचं, पुस्तक खाली ठेवायचं, आठवायचं, मग करायचं. चुकलं की पुन्हा उघडायचं. मध्ये आठवायची जी पायरी होती ती व्हिडिओने काढून टाकली. दूरदर्शनवर धीरेंद्र ब्रह्मचारी आसनं दाखवायचे तेव्हाही ती पायरी शाबूत होती. त्या वेळी घरात एकच टीव्ही, त्याच्यासमोर शेजारपाजारचे धरून दहा माणसं मांडी घालून बसलेली; तिथे हातपाय पसरायला जागा कुठली? आमचे काका कार्यक्रम बघायचे आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर आठवेल तेवढं करायचे. आठवलं नाही ते गेलं. मागे नेऊन पुन्हा बघायची सोय नव्हती, म्हणून बघताना लक्ष असायचं.

तेव्हा व्हिडिओ बघावा, जरूर बघावा, पण आधी खुर्चीत बसून, चहा पीत, शेवटपर्यंत. सतरंजी नंतर. असं नुसतं बसून बघितलं की व्हिडिओची परीक्षाही होते, आणि ती करायला योग यावा लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. शिक्षक म्हणाला, ‘इथे पाच श्वास थांबायचंय,’ की सेकंदकाट्याकडे बघायचं. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. म्हणजे पाच श्वासांना निदान पंधरा सेकंद, सावकाश घेतले तर पंचवीस. मी एकदा हे मोजायला बसले तर एका प्रसिद्ध शिक्षकाचे पाच श्वास आठ सेकंदांत संपले. तो आकडे म्हणत होता, श्वास घेतच नव्हता. त्याच्याबरोबर धावणारी माणसं मात्र खरंच श्वास घेत असणार, आणि धापा टाकत असणार.

दुसरी गोष्ट कळते ती कात्रीची. आसनात जाताना सगळं नीट दाखवतात: पाय किती अंतरावर, टाच कुठे, कंबर कशी. मग अंतिम स्थिती, छान उजेडात. आणि पुढच्या क्षणी तो माणूस सरळ उभा. मधलं कापलेलं असतं, कारण आसनातून बाहेर येणं बघायला कंटाळवाणं आहे. आमच्या घरातली दुखणी बहुतेक इथेच झाली. हलासनातून, म्हणजे डोक्यामागे नेलेले, पाय परत आणताना माझ्या धाकट्या दिराची पाठ धरली ती आठ दिवस. ‘आसन सोडताना’ हे दोन शब्द आणि त्यापुढची तीन-चार वाक्यं ज्या व्हिडिओत प्रत्येक आसनाला आहेत, तो करणारा शिकवणारा माणूस आहे असं खुशाल समजावं, मग त्याची खोली अंधारी का असेना. उजव्या-डाव्याचा घोळ त्यापुढे किरकोळ. तरी ज्याला माहीत आहे की आपण आरशासारखे समोर उभे आहोत आणि म्हणून आपला डावा पाय पुढे टाकून जो तोंडाने ‘उजवा’ म्हणतो, त्याने कधीतरी खरे विद्यार्थी समोर बघितलेत.

प्रमाणपत्राचं काय, असंही कुणी विचारतं. परदेशात रुजलेलं आणि आता आपल्याकडेही सर्रास मिळणारं योगशिक्षकाचं प्रमाणपत्र दोनशे तासांचं असतं. रोजचे आठ तास धरले तर पंचवीस दिवस. आमच्याकडे ब्यूटी पार्लरचा कोर्स याहून मोठा असतो. प्रमाणपत्र असू नये असं नाही, पण त्यावरून व्हिडिओ निवडू नये.

आता आईची गोष्ट सांगते, कारण माझं मत खरं तिथे बदललं. आई एकाहत्तर वर्षांची. तिला थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, गुडघे कुरकुरतात आणि तीन वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. डोळ्यांत रोज थेंब. गेल्या वर्षी तपासणीला गेलो तर डोळ्यातला दाब वाढलेला. थेंब वेळेवर घालतेय, चुकवत नाही. डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि मग सहज म्हणाले, ‘आजी, डोकं खाली पाय वर असं काही करता का?’ आई अभिमानाने म्हणाली, ‘हो, भिंतीला पाय लावून सर्वांगासन करते की रोज. थायरॉइडसाठी.’

मला हे माहीतच नव्हतं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता, ‘थायरॉइड मुळापासून घालवणारी तीन आसने’. चार मिनिटांचा. मी घरी येऊन तो तीनदा बघितला. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, गोड बोलत होत्या, मानेखाली घडी ठेवा असंही सांगत होत्या. काचबिंदूचा उल्लेख नव्हता. उलट्या स्थितीत डोळ्यातला दाब वाढतो, शीर्षासनात तर जवळजवळ दुप्पट होतो, ही डोळ्यांच्या डॉक्टरांना माहीत असलेली साधी गोष्ट आहे. पण त्या बाईंसमोर थायरॉइड होता, माझी आई नव्हती.

रोगाचं नाव टाकून आसन शोधायची ही जी सवय आपल्याला लागलीय, तिच्याइतकी खोटी दुसरी नाही. रोग एकेकटे कुणाला असतात? साठीच्या पुढच्या कुठल्याही मराठी बाईला विचारा. रक्तदाब असेल, जोडीला गुडघा, हाडं ठिसूळ, कधीकाळी पोटाचं ऑपरेशन. ‘पाठदुखीसाठी’ म्हणून दाखवलेलं पुढे वाकायचं आसन ठिसूळ मणक्याला धोक्याचं. ‘वजन कमी करण्यासाठी’ म्हणून पंधरा-पंधरा मिनिटं चालणारी कपालभाती रक्तदाबवाल्याने, हर्नियावाल्याने, गरोदर बाईने करायची नसते. हे सगळं योगाच्या जुन्या शिक्षकांना ठाऊक होतं, म्हणून ते आधी माणूस विचारायचे. यूट्यूबच्या शोधचौकटीत आपण रोग टाइप करतो आणि ती आपल्याला रोगापुरतं उत्तर देते. म्हणून मला वाटतं, घरच्या अभ्यासाचा व्हिडिओ रोगाच्या नावाने शोधूच नये. वयाने शोधावा, किंवा ‘पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी’ असा शोधावा. आणि त्यात दाखवणारी व्यक्ती निदान एक तरी अशी असावी जिची टाच जमिनीला टेकत नाही, जिचा हात गुडघ्यापर्यंतच पोचतो. बावीस वर्षांची रबरासारखी मुलगी पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लावते ते बघून आपल्याला तिच्याबद्दल माहिती मिळते, आसनाबद्दल फारशी नाही.

श्वासाच्या बाबतीत मी जरा कर्मठ आहे. आसनं व्हिडिओवरून शिकायला माझी हरकत नाही, श्वास रोखण्याचे प्रकार मात्र अजिबात शिकू नयेत. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो करणाऱ्यालाच मारतो, असं हठप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथातच म्हटलंय. अतिशयोक्ती वजा केली तरी सावधगिरी उरते. साधा अनुलोम-विलोम, भ्रामरी, इतपत ठीक. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, शिकायचा तर समोर बसलेल्या माणसाकडून.

मग संप्रदायांचं. माझे आजोबा औंध संस्थानातल्या शाळेत शिकले. तिथल्या राजांना, भवानराव पंतप्रतिनिधींना, सूर्यनमस्काराचं वेड होतं आणि त्यांनी ते संस्थानातल्या शाळांनाही लावलं. आजोबांचा नमस्कार दहा अंकांचा, म्हणजे दहा स्थितींचा. आईला तो त्यांनी शिकवला. ती कुठलाही व्हिडिओ बघते तेव्हा पुटपुटते, ‘हे बारा का मोजतात?’ कारण बाराच्या नमस्कारात सुरुवातीला आणि शेवटी हात वर करून मागे झुकायचं असतं, औंधाच्या दहात ते नाही. दोन्ही बरोबर. पण सोमवारी दहाचा, मंगळवारी बाराचा आणि बुधवारी उड्या मारत जाणारा असा तिसराच, हे चूक. अय्यंगार आणि पट्टाभि जोइस दोघेही कृष्णम्माचार्यांचे शिष्य. एकाने दोरी, पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची घेऊन एकेका आसनात माणसाला उभं करून ठेवलं, दुसऱ्याने श्वासाच्या तालावर एकातून दुसऱ्यात सरकवत नेलं. कैवल्यधामाची पद्धत याहून संथ, थोडी आसनं आणि मधे भरपूर विश्रांती. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाची सुरुवात पायाच्या बोटांपासून. प्रत्येकाचा एक आडाखा आहे, आधी काय आणि त्याने पुढच्याची तयारी कशी होते याचा. आज यांचं, उद्या त्यांचं असं करताना आपण तो आडाखाच टाकून देतो. पुरणपोळी आणि बिर्याणी दोन्ही उत्तम, म्हणून कुणी एका ताटात कालवत नाही. एक पद्धत धरावी. सहा महिने तरी धरावी. कुठली, याला मी फारसं महत्त्व देत नाही. ज्यांना शरीर आखडलेलं आहे त्यांनी अय्यंगारांच्या वाटेने जावं असं माझं मत, कारण तिथे जे पोचत नाही त्याची सोय केलेली असते. विकतचं साहित्य लागत नाही. आईच्या जुन्या नऊवारीचा काठ हा उत्तम पट्टा आहे, आणि चौरंगावर घोंगडी टाकली की झालं.

इथवर आपल्याआपल्यापुरतं झालं. पण हा प्रश्न एकेकट्याने घरात सोडवायचा नाही, तो थोडा सार्वजनिक पैशाचाही आहे. २१ जूनला काय होतं ते आपण बघतो. मैदान, एकसारख्या चटया, एकसारखे टी-शर्ट, व्यासपीठ, ड्रोन. २०१५च्या पहिल्या योग दिनाला दिल्लीत राजपथावर ३५,९८५ माणसं एका वेळी बसली आणि त्याचा विक्रम नोंदला गेला. त्याच निमित्ताने आयुष मंत्रालयाने तज्ज्ञांकडून एक सामाईक अभ्यासक्रम तयार करून घेतला. विक्रम सगळ्यांना माहीत, अभ्यासक्रम फार थोड्यांना. खरं तर मला तो आवडतो. दिसायला अगदी नीरस आहे. मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करण्यापासून सुरुवात, मग उभ्याची, बैठी, पालथी, उताणी अशी साधी आसनं, शेवटी थोडा प्राणायाम आणि ध्यान. शीर्षासन नाही, सर्वांगासन नाही. पुस्तिकेत आसनांबरोबर कुणी करू नये तेही लिहिलंय. आईच्या हाती आधी ही पुस्तिका पडली असती तर भिंतीला पाय लागले नसते. नीरस असणं हा इथे गुण आहे.

पण तो मैदानात एकदा करून घरी जायचा कार्यक्रम झाला. वर्षाच्या एका सकाळसाठी जेवढं सामान जमवलं जातं, त्याच्या तुकड्यात मराठीत चांगली ध्वनिफीत होऊ शकते. मी मुद्दाम ध्वनिफीत म्हणतेय. चित्र आधी दोन-चारदा बघून झालं की घरी करताना डोळ्यांना काम राहत नाही, ते मिटता येतात किंवा जिथे असायला हवेत तिथे असतात. नुसतं कानाने ऐकून अभ्यास करता येतो, हे योगनिद्रेच्या, म्हणजे पडल्या पडल्या ऐकत शरीर सैल सोडायच्या, कॅसेटी ज्यांच्या घरात होत्या त्यांना माहीत आहे. तीस मिनिटांची एक, साठीच्या पुढच्यांसाठी. एक खुर्चीवरची. एक बाळंतपणानंतरची. मधे पुरेशी शांतता सोडलेली, श्वास खरा घेतलेला, जाहिरात नसलेली. आवाज आपल्या बोलीतला: ‘सावकाश’, ‘जमेल तेवढंच’, ‘पूर्वस्थितीत या’. आईला हिंदी समजतं, पण ‘कमर के निचले हिस्से को’ असं कानावर पडलं की ती एक क्षण भाषांतर करते आणि तेवढ्यात शिक्षक पुढे गेलेला असतो. आणि जिथे शतकभर जुन्या संस्था आहेत, नाशिकपासून नागपूरपर्यंत बिनबोभाट वर्ग चालवणारी मंडळं आहेत, तिथे हे सांगणारी माणसं नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही. सरकारने त्यांना विचारावं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, आशाताईंच्या मोबाइलवरून ते घरोघर जाऊ द्यावं. यूट्यूबवर असावंच, पण तिथेच नसावं.

यावर एक रास्त आक्षेप माझ्या बहिणीने घेतला. ती टेक्सासात असते, दोन लहान मुलं. म्हणाली, ‘तुझं सगळं खरं गं, पण मला तो व्हिडिओच उठवतो. तो नसता तर मी करतच नव्हते.’ तिच्या गावात मराठी सोडा, धड शिकवणारं कुणी नाही. आणि इथेही, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथल्या सुनेला वर्गाला जायची मुभा कुठे असते, फी कुठे असते? तिच्यासाठी कानातल्या हेडफोनसह तो व्हिडिओ हीच अर्ध्या तासाची स्वतःची खोली. हे मी मानते. म्हणून तर व्हिडिओ वाईट असं म्हणत नाही. उलट, ज्यांना दुसरा आधार नाही त्यांच्यासाठीच तो जास्त काळजीने केलेला हवा. बहिणीला मी इतकंच म्हटलं की व्हिडिओने उठ, पण शुक्रवारी तो लावू नको. आठवड्यातून एकदा आठवून कर. तिने पहिल्या शुक्रवारी चार आसनं केली आणि पाचवं आठवेना म्हणून शवासनात झोपून गेली. मला ते फारच आवडलं.

शिक्षकाचा उपयोग कुठे आहे? रोज समोर उभं राहून आकडे मोजायला नको, तेवढं घड्याळही करतं. साठ माणसांच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत उभं राहिलं तर शिक्षकही व्हिडिओच असतो, थोडा मोठ्या पडद्यावरचा. वर्षातून चार वेळा एकेक तास कुणीतरी जाणत्याने आपल्या एकट्याकडे बघावं, ‘हा गुडघा आत पडतोय’ असं बोट लावून सांगावं, आणि उरलेले ३६१ दिवस आपले आपण. योगाच्या अॅपच्या वर्षभराच्या वर्गणीत असे चार तास कदाचित बसणार नाहीत, पण पैसे फार कमीही पडणार नाहीत.

आईसाठी आम्ही तेच केलं. जवळच्या वर्गातल्या एक बाई घरी आल्या, वय त्यांचंही साठीचं. आधी पाऊण तास नुसत्या बोलल्या. औषधांची पिशवी बघितली, डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद बघितला, आईला खुर्चीतून उठताना आणि जमिनीवर बसताना बघितलं. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला नऊ गोष्टी लिहिल्या, डोकं हृदयाच्या खाली जाईल असं त्यात एकही नाही. औंधाचा नमस्कारही काढून टाकला, त्यावर आई दोन दिवस रुसली होती. बाईंनी सांगितलं तसं मी ते मोबाइलवर माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं, बावीस मिनिटांचं. आई हेडफोन लावत नाही, फोन फ्रिजवर ठेवते, पडदा भिंतीकडे करून.

रेकॉर्डिंग करताना स्वयंपाकघरात कुकर लावला होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चौदाव्या मिनिटाला, पाठ एका बाजूला वळवायचं वक्रासन चालू असताना, त्यात एक लांबलचक शिटी आलीय. मी म्हटलं, आई, पुन्हा करून देते, नीट. ‘कशाला?’ ती म्हणाली. ‘शिटी झाली की मी बाजू बदलते.’